तोंड वाकडं झालं तर पहिले तीन दिवस घालवू नका

या महिन्यात चेहऱ्याच्या लकव्यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे मी पुढच्या अंकासाठी ठेवलेत. ज्यांना घाई होती त्यांना तेव्हाच ई-मेलवर कळवलं होतं, इथे सगळ्यांसाठी सविस्तर लिहितेय.

प्रश्न (धायरी): डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं वय ४४. रविवारी सकाळी चूळ भरताना तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं, आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटेचना. आदल्या दिवशी पहाटेच टू-व्हीलरवरून सिंहगडला जाऊन आले होते. सासूबाई म्हणतात वारं लागलंय, तेल लावून शेक दे, दोन-तीन दिवसांत उतरेल. शेजारचे काका म्हणतात पॅरालिसिसचा झटका आहे, आधी एमआरआय काढा. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी त्यांना भुवया वर उचलून कपाळाला आठ्या पाडायला सांगा. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो, त्यामुळे मेंदूतल्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं आणि फक्त खालचा चेहरा लुळा पडतो. डाव्या बाजूला एकही आठी पडत नसेल, डोळाही मिटत नसेल, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेतच आहे, त्यालाच बेल्स पाल्सी म्हणतात. पण ही परीक्षा घरी करून निवांत बसायचं नाही, ती डॉक्टरांनीच करायला हवी. आणि हात-पाय जड वाटतोय, बोलणं अडखळतंय, चालताना झोक जातोय यातलं काहीही असेल तर आठ्या बघत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता वाऱ्याचं. थंड वाऱ्याने ही नस सुजते असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. ही नस कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद बोगद्यातून येते, सुजली की तिला फुगायला जागाच नसते, मग ती दबते आणि काम थांबवते. म्हणूनच बऱ्याच जणांना आधी एक-दोन दिवस कानामागे दुखतं, त्या कानाला आवाज मोठे वाटतात, जिभेच्या त्या बाजूची चव जाते. सूज कशाने येते यावर सगळ्यात जास्त संशय हर्पीसच्या, म्हणजे ओठांवर बारीक फोड आणणाऱ्या व्हायरसवर आहे. १९९६ मध्ये जपानी डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी नसेतला द्राव तपासला तेव्हा बेल्स पाल्सीच्या १४ पैकी ११ पेशंटमध्ये त्या व्हायरसचा डीएनए सापडला होता.

मग त्या व्हायरसवरच्या गोळ्या घ्यायच्या का? इथे स्कॉटलंडचा २००७ चा अभ्यास फार मोलाचा आहे, कारण त्यात ७२ तासांच्या आत आलेल्या जवळजवळ ५०० पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या गटांत टाकून दहा दिवस औषध दिलं आणि नऊ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मिळालेले ८३ टक्के लोक तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न मिळालेले ६४ टक्के. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४ आणि ८२ होते. व्हायरसवरच्या गोळीचा, म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिरचा मात्र काही फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी स्वीडन आणि फिनलंडमधल्या अभ्यासातही असंच दिसलं.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही, कारण डेन्मार्कमध्ये औषध न दिलेल्या १,७०१ पेशंटमधले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले होते. म्हणूनच तेल, शेक, कोणाची जडीबुटी, सगळ्यालाच यश येतं. पण उरलेल्या २९ टक्क्यांत आपण असू की नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही, आणि स्टिरॉइड कामाला येतं ते याच पहिल्या तीन दिवसांत. माझ्याकडे लोक आठव्या-दहाव्या दिवशी येतात, चेहऱ्याला अजून तेलाचा वास असतो, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, याचं फार वाईट वाटतं. शेक द्यायचाय तर द्या, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर.

आणि डोळा! तोंड वाकडं दिसतं म्हणून सगळे तोंडाकडे बघतात आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळावरच्या पडद्याला जखम होते तिकडे कोणाचं लक्षच नसतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स, रात्री मलम, झोपताना पापणी पूर्ण मिटवून वर पेपर टेप, पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको, आणि बाहेर पडताना गॉगल हवाच, पुण्याच्या रस्त्यांवरची धूळ तुम्हाला माहितीच आहे. डोळा लाल झाला किंवा दुखला तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे.

प्रश्न (हडपसर): बाबांना १५ वर्षं डायबेटिस आहे. चेहऱ्याचा लकवा झाल्यावर डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलं, पण शुगर वाढेल म्हणून आम्ही घाबरून दिलंच नाही. बरोबर केलं का?

उत्तर: भीती समजू शकते, आणि शुगर वाढते हे खरंच आहे, पण गोळ्या परस्पर बंद ठेवण्याआधी एक फोन करायला हवा होता. डायबेटिस असणाऱ्यांमध्ये हा लकवा जास्त दिसतो, म्हणजे ज्यांना स्टिरॉइडची गरज पडते त्यांच्यातच त्याची भीती जास्त. स्कॉटलंडच्या अभ्यासात कंट्रोलमध्ये नसलेले डायबेटिसवाले घेतलेच नव्हते, त्यामुळे तिथले आकडे बाबांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, तोलूनमापूनच ठरवावं लागतं. शुगर बरी असेल तर बहुतेक वेळा आम्ही तेवढे दिवस रोज घरी शुगर तपासायला सांगून, गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवून कोर्स पूर्ण करतो. शुगर खूपच वर असेल तर अ‍ॅडमिट करूनही देतात. आता दिवस उलटलेत तर निदान डोळा सांभाळा आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. ज्यांना डायबेटिस नाही असं वाटतं त्यांनीही तोंड वाकडं झाल्यावर शुगर आणि बीपी तपासाच, कितीतरी जणांना आपली शुगर वाढलीय हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

प्रश्न (औंध): आईचं तोंड वाकडं झालं आणि कानात बारीक पाणीदार फोड आलेत, कान प्रचंड दुखतो, चक्करही येते. हेही तेच का?

उत्तर: नाही, ही कानातली नागीण आहे. कांजिण्यांचा व्हायरस वर्षानुवर्षं नसेत दडून असतो तो पुन्हा उठतो. १९०७ मध्ये हे वर्णन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावाने याला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. यात स्टिरॉइडबरोबर व्हायरसवरचं औषधही लगेच सुरू करतात, ऐकू येण्याची तपासणी करतात, आणि बरं होण्याचं प्रमाण बेल्स पाल्सीपेक्षा कमी आहे म्हणून उशीर अजिबात नको. फोड कधीकधी लकव्यानंतर येतात, त्यामुळे कानात बॅटरी मारून बघत राहा.

प्रश्न (कोथरूड): मुलगा ७ वर्षांचा आहे, त्यालाही स्टिरॉइड लागेल का?

उत्तर: मुलांचं चित्र वेगळं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १८७ मुलांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात एका महिन्यानंतर स्टिरॉइडचा खास फायदा दिसला नाही आणि सहा महिन्यांत औषध न मिळालेलीही ९३ टक्के मुलं बरी झाली होती. पण त्याचा कान, बीपी आणि रक्त बालरोगतज्ज्ञांनी तपासायलाच हवं, मुलांमध्ये कानाच्या इन्फेक्शननेही असं होतं.

प्रश्न (पिंपळे सौदागर): आठव्या महिन्यात मला हा लकवा झाला, आता बाळ सव्वा वर्षाचं आहे. तोंड सरळ झालंय पण हसले की डावा डोळा आपोआप मिटतो, फोटो काढायलाच नको वाटतं. करंटची मशीन लावून घेऊ का? परत होईल का?

उत्तर: गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे जास्त होतं, तुम्ही काही चुकलात म्हणून नाही. नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात म्हणून हसताना डोळा मिटतो. करंटने फायदा होतो याचा चांगला पुरावा नाही, तुमच्या स्टेजला मी तरी नको म्हणेन, आणि जोर लावून गाल फुगवणं, च्युइंगम चघळणं हेही नको. चेहऱ्याच्या लकव्याचं काम करणाऱ्या फिजिओकडे आरशासमोर हळूहळू, छोट्या हालचालींचा सराव शिका, ओठ हलवताना डोळा सैल ठेवायचा, याला महिने लागतात. डोळ्याभोवती अगदी थोडं बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, दिलं तर ओढ कमी होते, तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा घ्यावं लागतं. बाळाला पाजत असाल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा.

परत होण्याची शक्यता कमी आहे, डेन्मार्कच्या पेशंटमध्ये साधारण ७ टक्क्यांना झालं होतं. पण त्याच बाजूला पुन्हा झालं, किंवा कोणाचाही लकवा आठवड्यांगणिक हळूहळू वाढत गेला, कानाखाली गाठ लागली, तीन महिन्यांत जराही हालचाल आली नाही, तर त्याला बेल्स पाल्सी म्हणून सोडून देऊ नका, तेव्हा मात्र एमआरआय काढायचाच.