वहिनीची इंदूरला स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करायला जठर लहान करतात ती) होऊन दीड महिना झाला. सतत उलट्या, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात. अशक्तपणाच असेल का?

अशक्तपणा समजून घरी ठेवू नका. आजच इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलला किंवा ऑपरेशन झालं तिथल्या इमर्जन्सीत न्या. उलट्या, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, त्यात बोलण्यात गोंधळ असेल तर शंका आणखी वाढते: बी१ व्हिटॅमिन, म्हणजे थायामिन संपलं की असं होतं. मेंदूच्या या आजाराला वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. शरीरातला थायामिनचा साठा जेमतेम २-३ आठवडे पुरतो, आणि वहिनींचं खाणं घटलंय, वर उलट्या. सगळी लक्षणं एकदम दिसतातच असंही नाही.

तिथे पोहोचल्यावर आधी सांगा की वजनाची सर्जरी झालीय आणि उलट्या थांबत नाहीत. थायामिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि तब्येत आणखी बिघडू शकते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'ताकदीची बाटली' लावून घ्यायची आपल्याकडे भारी हौस, ती इथे नडते. थायामिन शिरेतून द्यावं लागतं, गोळ्यांवर भागत नाही. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

पुढे कधी पायांना मुंग्या आल्या तर बी१२ तपासा. शाकाहारी असतील किंवा मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर मुंग्यांची वाटही पाहू नका. बी१२ ठीक असूनही चाल बिघडली तर रक्तातलं कॉपर (तांबं) तपासायला सांगा, ते बऱ्याचदा राहून जातं. झिंकच्या गोळ्या जास्त झाल्या तरी कॉपर उतरतं.