आयरिस चिकटलीय, मग लगेच का नाही सोडवत?

प्रश्न : आईचं वय 56. दोन वर्षांत तीनदा डावा डोळा लाल झाला, दरवेळी मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले, बरं वाटलं. आता डॉक्टर म्हणतात आयरिस चिकटलीय, मोतीबिंदूही आहे, दोन्ही एकदमच करू पण तीन महिने थांबा. का थांबायचं? आणि परत चिकटली तर?

उत्तर : ताई, थांबा म्हणाले ते बरोबरच आहे. बाहुलीभोवतीचा तपकिरी भाग म्हणजे आयरिस, पडदा मुद्दामच म्हणत नाही कारण पडदा म्हटलं की सगळ्यांना रेटिना आठवतो. आत सूज आली की आयरिसची कड मागच्या भिंगाला डकते, पोळपाटाला ओली पोळी चिकटते ना तशी. मग ड्रॉप टाकून बाहुली मोठी करायला गेलं की ती गोल न होता वेडीवाकडी पाकळ्यापाकळ्यांची दिसते. चिकटणं ताजं असताना अॅट्रोपिनने (बाहुली मोठी करणारा ड्रॉप) बरेचदा सुटतं, जुनं झालं की नाही सुटत. मेडिकलवाल्याच्या ड्रॉपनी लाली गेली पण चिकटायचं ते आत चिकटतच राहिलं, याचा मला खरंच राग येतो.

सुजलेल्या डोळ्यात हात घातला तर आयरिसमधून रक्त येतं, सूज भडकते आणि सोडवलेलं आठवड्याभरात परत चिकटू शकतं, म्हणून डोळा निदान तीन महिने शांत हवा. ऑपरेशनच्या आधीपासून स्टिरॉइड ड्रॉप असतात, शुगर असेल तर आधीच सांगा. ऑपरेशनमध्ये बारीक छेदातून जेल भरतात, बोथट स्पॅच्युला आयरिसखाली सरकवून एकेक ठिकाण सोडवत जातात, तरी बाहुली पसरली नाही तर छोटे हुक किंवा रिंग लावतात, मग मोतीबिंदू. परत चिकटू नये म्हणून नंतरचे ड्रॉप सांगितलेत तितके दिवस घालायचेच, बरं वाटलं म्हणून बंद नाही. बाहुली अगदी गोल होईलच असं नाही, उन्हात डोळे थोडे दिपतील.

या तीन महिन्यांत डोळा ठणकला, उलटी झाली, दिव्याभोवती कडी दिसली तर त्याच दिवशी दाखवा. आयरिसची कड सगळीकडून चिकटली तर मागचं पाणी अडतं, डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं, मग लेझरने आयरिसला भोक पाडून वाट करून द्यावी लागते.

आणि एक, आईंची कंबर सकाळी उठल्यावर आखडते का, चालल्यावर मोकळी होते का? कमरेच्या सांध्यांची सूज आणि डोळ्यातली ही सूज कधीकधी एकाच आजाराची असते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, ते एचएलए बी 27 ची, म्हणजे या आजाराशी जोडलेल्या एका खुणेची, रक्ततपासणी करायला सांगतील.