मॅडम, मला बिझनेस करायचाय पण माझ्याने होईल का?

टीवायला, म्हणजे डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आल्या की मुली हमखास हा प्रश्न घेऊन येतात. वरवर भांडवलाचं बोलतात पण खरी धास्ती दोनच गोष्टींची असते, घरचे काय म्हणतील आणि आपल्याला झेपेल का. आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्ये मांडलंय की माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो ते तीन गोष्टींवरून, ती त्याला कितपत आवडते, जवळच्यांचं काय मत आहे आणि ती आपल्या हातातली आहे असं त्याला वाटतं का. आवडीत या मुली कुठेच कमी नसतात हो, गाडी अडते ती पुढच्या दोनवर.

सांगलीकडची एक बीकॉमची मुलगी (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). वडील म्हणतात बँकेच्या परीक्षा दे नाहीतर स्थळं बघतो. घरात कोणी धंदा करतं का विचारलं तर म्हणे छे, आई घरीच असते. मग बोलता बोलता कळलं की ही आई दिवाळीला चकली-अनारशांच्या ऑर्डरी घेते, लग्नसराईत रुखवताचे लाडूपण! आता बोला.

म्हटलं कर्ज, लायसन, लोगो सगळं बाजूला ठेव, आईच्या एक किलो चकलीचा हिशोब मांडून आण. आणला. तांदूळ, डाळी, तेल, पिशव्या सगळं होतं, गॅस नव्हता आणि आईची मजुरी तर नव्हतीच, ती धरल्यावर किलोमागे जेमतेम 20 रुपये सुटत होते. मला वाटलं आता रडते, तर ही म्हणते मॅडम भाव वाढवायला पाहिजे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांशी स्वतः फोनवर बोलून वाढवलापण. त्यानंतर "होईल का" तिने परत काढलं नाही. सेमिनारला टाळ्या वाजवून हा विश्वास येत नाही, संध्याकाळी घरी गेलं की परत तेच.

वडिलांची भीती वेगळीच, कर्ज डोक्यावर बसलं तर फेडणार कोण? सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं, पण मीच म्हटलं सध्या नको, आधी एक दिवाळी घरच्या पैशावर काढू दे. तेव्हा ते जरा सैल झाले. लग्नाचं टुमणं मात्र चालूच आहे, म्हणून पुढच्या वेळी आईलापण घेऊन या म्हटलंय, कारण एवढी वर्षं धंदा केलेल्या त्या बाईंना कोणी अजून काही विचारलेलंच नाहीये.