स्किझोफ्रेनियाचे आवाज थांबले, पण भाऊ दिवसभर पडून असतो. तो सुधारणार कधी?

तुम्ही लिहिलंय, गोळ्यांनी कानात येणारे भासाचे आवाज थांबले तरी भाऊ अंथरूण सोडत नाही आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं या आजारासोबत जगतोय, म्हणून कळकळीने सांगते, तो आळस नाही.

आवाज, संशय यांवर गोळ्या चांगल्या चालतात. पण उमेद आटणं, बोलणं कमी होणं, लक्ष न लागणं हीसुद्धा आजाराचीच लक्षणं, आणि त्यांवर गोळ्यांचा परिणाम फार कमी होतो. गुंगी किंवा नैराश्यही असू शकतं. ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, मात्र डोस परस्पर कमी करू नका.

पुढचं काम घरातच सुरू होतं. आमच्याकडे सकाळचं दूध आणायचं काम भावाचं. उशीर झाला तर आठवण करायची, पण आपण जाऊन आणायचं नाही. ते अंगवळणी पडल्यावर मंडईतून भाजी, पैशांचा हिशेब, मग बसने एकट्याने जाणं. यात महिने जातात, मध्येच सगळं ठप्पही होतं. आज तो ओळखीच्यांच्या छापखान्यात अर्धा दिवस बाइंडिंग करतो. आवाज अजून अधूनमधून येतात, तरी तो कामावर जातो. माझ्या मते सुधारणा म्हणतात ती हीच.

"मावशीचा मुलगा बघ, नोकरीला लागला" हे मात्र आजच बंद करा. सतत टीका होणाऱ्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेला एक अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णांना भेटत राहिले, तेव्हा वर्षभरात रोजच्या जगण्यातल्या अडचणी नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाल्या. फरक माफक होता, पण होता. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'मध्ये शुभार्थी (म्हणजे रुग्ण) आणि शुभंकर (म्हणजे त्याची काळजी घेणारे) दोघांसाठी आधार मिळतो. आईवडिलांना तिथे न्याच. तुमच्या सांगण्यापेक्षा दुसऱ्या आईचं सांगणं त्यांना लवकर पटेल.

अपंगत्व प्रमाणपत्राचंही बघून ठेवा. त्यात स्वतःची काळजी, नाती, संवाद आणि काम हे तपासतात; ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती मिळतात. आणि रात्री-अपरात्री अडलंच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतून बोलता येतं.