१८७२ सालची टेरियर इंजिनं १९६३ पर्यंत कशी टिकली? उत्तर रुळात आणि पुलात आहे

तुम्ही विचारलंय की इंग्लंडच्या आडवळणाच्या लाईनींवर व्हिक्टोरियन काळातली इवलीशी टँक इंजिनं (पाणी-कोळसा वेगळ्या डब्यात नाही, स्वतःच्याच अंगावर वाहणारी) पार १९६० पर्यंत का धावत होती, त्या कंपन्यांकडे नवीन इंजिनाला पैसे नव्हते म्हणून का. पैसे नव्हते हे खरंच आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे आणि लोक तिथेच थांबतात. उरलेलं अर्धं उत्तर वजनात आहे. मी टेरियरचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण या इंजिनावर माझा फार जीव आहे.

लंडन ब्राइटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचा इंजिन खात्याचा प्रमुख विल्यम स्ट्राउडली, त्याने १८७२ ते १८८० मध्ये ब्राइटनच्या वर्कशॉपमध्ये अशी ५० इंजिनं बांधली. कागदावरचं नाव ए-वन क्लास, पण धुराड्यातून येणारा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा म्हणून लोकांनी टेरियर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. सहा चाकं, सहाही जोडलेली, चाकाचा व्यास ४ फूट, आणि सगळं मिळून वजन साधारण २७-२८ टन. म्हणजे एका आसावर ९ टनांच्या आसपास, हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

एवढं हलकं का बांधलं, तर ती बांधलीच होती लंडनच्या लोकलसाठी. साउथ लंडन लाईन आणि थेम्सच्या खालून जाणारी ईस्ट लंडन लाईन, ब्रुनेल बापलेकांनी खणलेल्या बोगद्यातून जाणारी. तिथले रूळ हलके, वळणं तीव्र, स्टेशनं जवळजवळ, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी थांबा आणि परत झटकन उचला. लहान चाकं आणि सहाही चाकांवर पकड, त्यामुळे हे काम ती छान करायची. बोगद्यात वाफ कोंडू नये म्हणून वापरून झालेली वाफ पाईपाने बाजूच्या टाक्यांत सोडायची सोय होती. त्यामुळे टाकीतलं पाणी गरम व्हायचं आणि गरम पाणी इंजेक्टरला, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या उपकरणाला, उचलता येत नाही, म्हणून स्ट्राउडलीने बॉयलरमध्ये पाणी ढकलायला पंप बसवले, ते इंजिनाच्या हालचालीवरच चालायचे. आता यात गोम अशी की इंजिन उभं असलं की पंपही बंद! पाणी खाली गेलं तर ड्रायव्हरला इंजिन थोडं पुढे-मागे करून बॉयलर भरावा लागायचा.

आणि स्ट्राउडलीची एक गोष्ट मला फार आवडते, कॅबच्या आत ड्रायव्हरचं नाव रंगवलेलं असायचं. इंजिन त्या माणसाच्या नावावर, तोच चालवणार, तोच काळजी घेणार. बाहेरून रंग मोहरीसारखा पिवळा, आणि त्या रंगाचं अधिकृत नाव मात्र सुधारित इंजिन ग्रीन! बाजूच्या टाकीवर लंडनच्या परिसरातल्या वस्त्यांची नावं, वॉपिंग, पॉप्लर, फेनचर्च, स्टेपनी. यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये बॉक्सहिल नावाचं टेरियर आहे, १८८० चं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा चाक बरोबर छातीपर्यंत आलं, आणि आजूबाजूची एक्स्प्रेस इंजिनं बघून मग याच्याकडे बघितलं की लहान पोर मोठ्यांच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. बराच वेळ तिथून हललोच नाही.

१९०० च्या आसपास लंडनच्या लोकल लांब आणि जड झाल्या, मोठी इंजिनं आली, १९०९ मध्ये साउथ लंडन लाईनवर वीजच आली. शहराला टेरियर नकोशी झाली. काही भंगारात गेली, बरीच विकली गेली, आणि इथून त्यांचं दुसरं आयुष्य सुरू होतं.

त्याच सुमाराला, १८९६ मध्ये, इंग्लंडमध्ये लाईट रेल्वे कायदा झाला. शेतीची अवस्था वाईट होती, खेड्यापाड्यांना स्वस्तात रेल्वे मिळावी हा हेतू. प्रत्येक लाईनीसाठी पार्लमेंटचा वेगळा कायदा करायची गरज नाही, सगळीकडे फाटकं नकोत, सिग्नल कमी, रूळ हलके, पण बदल्यात ताशी २५ मैलांच्या वर जायचं नाही आणि आसावरचं वजन ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं. अशा लाईनी बांधण्यात आणि चालवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे कर्नल होल्मन स्टीफन्स. केंटमधल्या टनब्रिज गावातल्या एका घरवजा ऑफिसातून तो इंग्लंड-वेल्सभर विखुरलेल्या लाईनी सांभाळायचा.

आता गरिबीच्या मुद्द्यावर या. स्टीफन्सची रॉदर व्हॅली रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली, हीच पुढे केंट अँड ईस्ट ससेक्स. पहिली दोन इंजिनं त्याने जुनी नाही घेतली, कोरी घेतली, टेंटर्डन आणि नॉर्दियम. तिसरं १९०१ मध्ये घेतलं ते जुनं टेरियर, पॉप्लर, त्याचं नाव ठेवलं बोडियम. १९०३ मध्ये लाईन टेंटर्डन गावात वर चढली, ५० फुटाला १ फूट असा चढ, आणि तिथे सहाही चाकं जोडलेल्या टेरियरचा उपयोग कळला. मग १९०५ मध्ये वॉपिंग घेतलं, त्याचं नाव रोल्वेंडन.

पण खरा पुरावा वेगळाच आहे. १९०४ मध्ये याच लाईनीने एक मोठं, कोरं, आठ चाकं जोडलेलं इंजिन घेतलं, हेकेटी. लाईन मेडस्टनपर्यंत वाढेल या आशेवर. लाईन वाढली नाही आणि हेकेटी त्या हलक्या रुळांना जड झालं. वर्षानुवर्षं बहुतेक वेळ ते उभंच राहिलं, शेवटी १९३२ मध्ये सदर्न रेल्वेला देऊन बदल्यात जुनं इंजिन घेतलं. म्हणजे बघा, नवीन आणि ताकदवान इंजिन दारात असताना काम कोण करतंय तर १८७२ चं टेरियर. रोल्वेंडनचे भाग काढून काढून बोडियम चालू ठेवलं त्यांनी, इतकी त्याची गरज होती.

हा हिशोब आपल्याकडेही झालाय बरं का. कुर्डुवाडी-बार्शी ही बार्शी लाईट १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटी गेज, आणि एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तिथे आधी ठरवलं की एका आसावर ५ टनांच्या वर वजन नाही, मग इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्यावर बेतलं. त्याच माणसाची पुढे इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४. फरक इतकाच की काल्थ्रॉपने रुळाला साजेसं इंजिन मुद्दाम बनवून घेतलं आणि स्टीफन्सला ते लंडनने टाकून दिलेलं आयतं मिळालं.

आता १९६३ कडे येऊ, तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात भारी भाग हा आहे. हॅव्हंट ते हेलिंग आयलंड, जेमतेम साडेचार मैलांची ब्रँच, आणि मध्ये लँगस्टन इथे समुद्राच्या खाडीवर लाकडी पूल. त्या पुलावर टेरियरपेक्षा जड इंजिन न्यायला परवानगीच नव्हती. त्यामुळे मालकी ब्रिटिश रेल्वेकडे गेली, इतर लाईनींवर डिझेल आलं तरी इथे उन्हाळ्यात बीचवर जाणाऱ्या खच्चून भरलेल्या गाड्या टेरियरच ओढत होती. लाकडाला ठिणगी लागू नये म्हणून धुराड्यावर जाळीचं टोपडं बसवलेलं, जुन्या फोटोत ते नीट दिसतं.

म्हणजे ज्या पुलाने लाईन अडवून धरली होती त्यानेच ही इंजिनं वाचवली. पूल दुरुस्त करणं परवडेना तेव्हा १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये लाईनच बंद केली. आणि नशीब असं की हे झालं तेव्हा हौशी लोकांनी लाईनी वाचवायला सुरुवात केलेली होती, ब्लूबेल रेल्वेने १९६० मध्येच स्टेपनी आणलं होतं. हेच जर १९५० मध्ये झालं असतं तर सगळी कापली गेली असती असं माझं मत आहे. आज ५० पैकी १० शिल्लक आहेत, एक तर पार कॅनडात आहे. न्यूइंग्टन नावाचं एक काही वर्षं हेलिंगमधल्या एका पबच्या बाहेर पाटी म्हणून उभं होतं, तिथून ते आइल ऑफ वाइटला गेलं.

हेलिंगच्या लाईनीवर ३ नोव्हेंबर १९६३ ला निरोपाची खास गाडी धावली, दोन्ही टोकांना एकेक टेरियर लावून. एक फेनचर्च आणि दुसरं पॉप्लर, म्हणजे आपलं बोडियम. दोन्ही १८७२ च्या पहिल्या सहांतली. पुढच्या वर्षी फेनचर्च ब्लूबेलला गेलं आणि बोडियम परत टेंटर्डनला आलं.