हँडल वळवलं की बाईकचे लाइट जातात, कधी इंजिनही बंद पडतं. बॅटरी बदलावी का?

इतक्यात नको. हँडल वळवल्यावरच होत असेल तर संशय हेडलाइटमागून जाणाऱ्या वायरिंगवर. तिथे वायर सतत वाकते. वरून धडधाकट दिसते, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा आणि एकेक वायर हलक्या हाताने ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली की समजा तीच. इग्निशन स्विचचा कपलरही (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) उघडा, हिरवट गंज असतो बऱ्याचदा.

त्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि चेसिसची अर्थिंग (बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते ती जागा) घट्ट करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बॅटरीबद्दल शंका असेलच तर मल्टिमीटर लावा: बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट, रेस दिल्यावर 14 च्या आसपास. तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा.