आकडा पन्नासच्या वर आला म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला. पीएमआय, म्हणजे कारखान्यांच्या खरेदीवाल्यांना विचारून दर महिन्याला काढतात तो आकडा, पन्नासच्या वर चढलाय, तर ओतकामासाठी पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप आत्ताच भरून ठेवू का, असं विचारलंस. बाजार बघून खरेदी करायची सवय तुला लागतेय, याचं मनापासून बरं वाटलं. पण जरा थांब.

हा आकडा होतो कसा, ते आधी बघ. दर महिन्याला देशातल्या साधारण ४०० कारखान्यांच्या खरेदी विभागांना विचारतात, गेल्या महिन्यापेक्षा ऑर्डरी वाढल्या, तेवढ्याच राहिल्या की घटल्या? शंभरातले ३० म्हणाले वाढल्या, ५० म्हणाले तेवढ्याच, तर ३० आणि पन्नासाचे निम्मे मिळून ५५. पन्नास म्हणजे गेल्या महिन्याइतकंच, त्याच्या वर म्हणजे वाढ. उत्पादन, कामगार, माल पोचायचा वेळ आणि कच्च्या मालाचा साठा यांचंही तसंच. मग पाचही एकत्र करतात, त्यात ऑर्डरींचं वजन सगळ्यात जास्त, ३० टक्के. किती टन वाढल्या, हे त्या बेरजेत कुठेच येत नाही.

एप्रिल २०२० मध्ये हा आकडा २७.४ पर्यंत खाली गेला होता. ऑगस्टला तो ५२ झाला आणि मी हुरळलो. तुलना जुलैशी होती, लॉकडाऊनच्या आधीच्या दिवसांशी नव्हे, हे ध्यानातच घेतलं नाही. दोन गाड्या स्क्रॅप उतरवून घेतलं. ट्रॅक्टरचं काम खरंच जोरात होतं, पण आमचं बरंचसं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ट्रकला जायचं आणि तिकडचं शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती माल हवा तो आकडा, हललंच नाही. शेडमध्ये जागा नव्हती, ढीग अंगणात, वर कोल्हापूरचा पाऊस. ओलं स्क्रॅप भट्टीत टाकलं की पाण्याची एकदम वाफ होते आणि वितळलेलं लोखंड उसळतं. भट्टीवरच्या पोरांच्या जिवाशी खेळ नको, म्हणून पुढची उघडीप मिळेपर्यंत त्यातला तुकडाही वापरला नाही. पैसा अडकला तो वेगळाच.

आणखी एक खोच आहे. माल उशिरा पोचायला लागला की आकडा वर जातो, कारण मागणी वाढल्यामुळे पुरवठादारांची ओढाताण होतेय असं धरलेलं असतं. त्या एप्रिलमध्ये गाड्या रस्त्यावर अडकल्या होत्या, तो उशीरसुद्धा जमेच्याच बाजूला गेला. म्हणून नुसता मथळा वाचू नकोस, आत नव्या ऑर्डरींचं काय म्हटलंय ते शोध. निर्यातीच्या ऑर्डरींचं तिथे वेगळं लिहितात, तेही वाच.

मग आपली वही काढ. ग्राहकानं महिन्याच्या सुरुवातीला दिलेलं शेड्यूल आणि शेवटी प्रत्यक्ष उचललेला माल, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिही. गोकुळ शिरगावला तुझ्या मशीनशॉपवाल्याला फोन करून त्याच्याकडे किती दिवसांचं काम पडून आहे तेही विचार. तो खरं सांगतो.

रविवारी शिरोलीला येशील तेव्हा गेल्या सहा महिन्यांची शेड्यूल्स घेऊन ये. स्क्रॅपवाल्याला तोवर होकार देऊ नकोस.

तुझा,
काका